डोलती तरफ आणि झडपेची मोकळीक
हवेने थंड होणाऱ्या जुन्या एंजिनासाठी रॉकर व समायोजक यांची निवड

१. मदन महलचा खडक

जबलपुराहून इटारसीकडे निघालेली आगगाडी पहिल्याच टप्प्यात मदन महल स्थानकावर पोहोचते. गोंड राजा मदनशहा याच्या नावाशी जोडलेला लहानसा किल्ला येथल्या ग्रॅनिटच्या टेकडीवर उभा आहे. किल्ल्याच्या वाटेवर एक नवल दृष्टीस पडते. एक प्रचंड शिलाखंड दुसऱ्या शिलेवर अगदी थोड्या जागेवर टेकून राहिलेला आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूर परिसरात मोठा भूकंप झाला, अनेक घरे पडली. परंतु हा खडक जागचा हलला नाही. त्याच्या वजनाची लंबरेषा टेकूच्या जागेतूनच खाली जाते, हे त्याचे कारण होय.

टेकूवर तोललेली आणखी एक वस्तू याच शहराच्या रस्त्यांवरून रोज धावत असते, परंतु ती कोणाला दिसत नाही. ती मोटारसायकलीच्या एंजिनात, सिलिंडरच्या माथ्यावर झाकणाखाली दडलेली असते. जबलपुरात भारतीय सेनेच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९३५ साली स्थापन झालेले 'डेअर डेव्हिल्स' हे मोटारसायकलस्वारांचे पथक याच कोअरचे. बुलेट मोटारसायकलींवर मनोरे रचून चालणारे हे जवान अनेकांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पाहिले असतील. एका यंत्रावर अनेक माणसांचा भार, वेग मात्र पायी चालणाऱ्याइतका मंद. अशा वेळी एंजिनावरून वाहणारी हवा थोडी असते आणि उष्णता पुष्कळ साठते. जुन्या एंजिनाच्या झडपांची खरी परीक्षा अशाच प्रसंगी होते.

मदन महलच्या खडकाने स्थिर राहावे एवढीच अपेक्षा असते. एंजिनातील तरफेने मात्र टेकूवर राहून एका सेकंदात चाळीसपन्नास वेळा डोलावे लागते. ही तरफ व तिचा समायोजक कसे निवडावेत, याचा विचार या पाठात केला आहे.

२. झडप उघडते कशी?

चार धावांच्या अंतर्ज्वलन एंजिनात दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. ती उघडण्याची आज्ञा खाली असलेल्या कॅमकडून निघते. कॅम म्हणजे एका बाजूस फुगवटा असलेले चाक. हा फुगवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट एका उभ्या दांड्याला वर ढकलतो. या दांड्यास कारागीर पुशरॉड म्हणतात. दांडा तरफेचे एक टोक उचलतो, तेव्हा दुसरे टोक झडपेच्या देठावर दाब देऊन ती उघडते. कॅमचा फुगवटा सरला की स्प्रिंग झडपेला पुन्हा बैठकीवर बसवते. मधल्या या डोलणाऱ्या तरफेचे नाव रॉकर.

उदाहरणासाठी जुन्या बनावटीचे बुलेटचे एंजिन घ्यावे. इंग्लंडमधील रॉयल एनफिल्ड कंपनीची ही गाडी १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागली. या एंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ घन सेंटिमीटर. सिलिंडर बिडाचा आणि माथा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. भुजादंड मिनिटाला ५,६०० फेरे करीत असेल तर प्रत्येक झडप मिनिटाला २,८०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ वेळा उघडते व मिटते. एका तासाच्या प्रवासात रॉकरवर दीड लाखाहून अधिक आघात होतात. असा भाग केवळ बाजारात मिळाला म्हणून बसवून चालत नाही.

३. मोकळीक कशासाठी?

झडप पूर्ण मिटलेली असताना रॉकर व झडप यांच्या साखळीत किंचित रिकामी जागा असावी लागते. हिला मोकळीक म्हणू. मोकळीक नसली तर काय होईल?

बहिर्गामी झडप जळत्या वायूच्या झोतात असते. तिची उष्णता मुख्यतः बैठकीवाटे बाहेर जाते. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश काळ ती मिटलेली असते. तेवढ्यातच तिला थंड व्हावयाचे असते. तापून देठ लांबले आणि वर जागा उरली नाही, तर रॉकर तिला पूर्ण बसू देत नाही. फटीतून तप्त वायू निसटू लागतो. झडपेला विसावा तर मिळत नाहीच, उलट तिची कड अधिकच तापते आणि अखेर जळते. या वेळी आवाज काहीही होत नाही. मोकळीक जास्त असली तर एंजिन टकटक वाजून तक्रार करते. ती कमी असली तर एंजिन गप्प राहून झडप गमावते. म्हणून 'आवाज बंद झाला, म्हणजे काम उत्तम झाले' ही समजूत घातक आहे.

जास्त मोकळीकही निर्दोष नाही. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि पुरेशी उचलली जात नाही. शिवाय कॅमचा फुगवटा एकदम चढत नाही. त्याच्या आरंभी व शेवटी मंद चढाचा एक छोटा भाग ठेवलेला असतो. ठरलेल्या मोकळिकीत संपर्क या मंद भागावर होतो. मोकळीक वाढली तर संपर्क वेगवान चढावर होतो आणि प्रत्येक वेळी हातोडीसारखा ठोका बसतो. यावरून दिसेल की मोकळिकीचे माप कॅमच्या घडणीतच ठरलेले असते. कारागिराने ते आपल्या मनाने बदलावयाचे नसते.

४. उष्णतेचा हिशेब

पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनात निरनिराळ्या भागांचे तापमान बरेचसे सारखे राहते. हवेने थंड होणाऱ्या एंजिनात तसे नसते. माथा फार तापतो, सिलिंडर त्याहून कमी, आणि पुशरॉड त्याहूनही कमी. शिवाय हे भाग निरनिराळ्या धातूंचे असतात. एक अंश सेल्सियस तापमान वाढले असता ॲल्युमिनियमची लांबी दर दशलक्ष भागांत सुमारे २३ भागांनी वाढते. पोलादाची सुमारे १२ व बिडाची सुमारे ११ भागांनी.

हिशेबाच्या सोयीसाठी पुशरॉडची लांबी २०० मिलिमीटर धरू. त्याच्या बाजूस १३० मिलिमीटर बिडाचा सिलिंडर व ७० मिलिमीटर ॲल्युमिनियमचा माथा आहे. सिलिंडर १०० अंशांनी, माथा १३० अंशांनी आणि पुशरॉड ६० अंशांनी तापला असे समजू.

सिलिंडरची वाढ : १३० × १०० × ०·००००११ = ०·१४ मिलिमीटर.
माथ्याची वाढ : ७० × १३० × ०·००००२३ = ०·२१ मिलिमीटर.
एकूण : ०·३५ मिलिमीटर.

म्हणजे रॉकरचा टेकू ०·३५ मिलिमीटर वर सरकला. आता पुशरॉड ॲल्युमिनियमचा असल्यास त्याची वाढ २०० × ६० × ०·००००२३ = ०·२८ मिलिमीटर होते. त्यामुळे मोकळीक केवळ ०·०७ मिलिमीटरने वाढते. पुशरॉड पोलादाचा असल्यास त्याची वाढ ०·१४ मिलिमीटर एवढीच होते आणि मोकळीक ०·२१ मिलिमीटरने वाढते.

ही तापमाने उदाहरणासाठी घेतलेली आहेत. प्रत्यक्षात झडपेचे देठही लांबते आणि या वाढीतील काही भाग खाऊन टाकते. तरीही निष्कर्ष पक्का आहे. थंड असताना मोजलेली मोकळीक व तापल्यावरची मोकळीक एक नसते, आणि पुशरॉडचा धातू बदलला की जुने माप निरुपयोगी होते. 'पोलाद अधिक मजबूत' म्हणून मूळ ॲल्युमिनियमचे दांडे काढून पोलादी दांडे घालणारा मनुष्य नकळत मोकळिकीचा सारा हिशेब बदलत असतो.

जुन्या बुलेटसाठी निर्मात्याने दिलेला नियम आता समजू शकेल. एंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, परंतु वरखाली मुळीच हलू नये, असा तो नियम आहे. म्हणजे थंड स्थितीत मोकळीक जवळजवळ शून्य. बिडाचा सिलिंडर, हलक्या धातूचा माथा आणि हलक्या धातूचे पुशरॉड यांचा मेळ असल्यामुळेच हे शक्य होते. हाच नियम दुसऱ्या एंजिनास लावणे चुकीचे ठरेल. फोक्सवागेनच्या हवेने थंड होणाऱ्या अनेक एंजिनांसाठी ०·१५ मिलिमीटर हे माप थंड स्थितीत सांगितलेले आहे.

५. रॉकरची निवड : भुजांचे प्रमाण

रॉकर ही तरफ असल्याने तिला दोन भुजा असतात. झडपेकडील भुजेच्या लांबीस पुशरॉडकडील भुजेच्या लांबीने भागले असता जे येते, ते रॉकरचे प्रमाण. कॅमने पुशरॉड ८ मिलिमीटर उचलला आणि प्रमाण १·२५ असले, तर झडप १० मिलिमीटर उघडते. प्रमाण १·५ केले तर ती १२ मिलिमीटर उघडेल. जास्त उघडलेल्या झडपेतून जास्त मिश्रण आत येईल व शक्ती वाढेल, या मोहाने पुष्कळजण मोठ्या प्रमाणाचे रॉकर निवडतात.

परंतु तरफ फुकट काही देत नाही. झडप उघडी असताना स्प्रिंगचा दाब ४० किलोग्रॅम असेल, तर १·२५ प्रमाणात पुशरॉडवर ५० किलोग्रॅम व १·५ प्रमाणात ६० किलोग्रॅम दाब येतो. टेकूवर दोन्ही बाजूंचे दाब मिळून अनुक्रमे ९० व १०० किलोग्रॅम भार पडतो. हा वाढीव भार पुशरॉड, टॅपेट व कॅम यांनाही सोसावा लागतो. झडपेचा वेग व त्वरणही त्याच प्रमाणात वाढते. ते आवरण्यास जुनी स्प्रिंग अपुरी पडते. अधिक कडक स्प्रिंग घातली तर भार आणखी वाढतो. हे चक्र कॅमची झीज झाल्यावरच थांबते.

म्हणून प्रमाण बदलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. झडप पूर्ण उघडली असता स्प्रिंगचे वेढे एकमेकांस भिडता कामा नयेत. स्प्रिंगची वरची टोपी झडपेच्या मार्गदर्शक नळीवर आदळता कामा नये. झडपेचे तोंड व दट्ट्याचा माथा यांत पुरेसे अंतर राहिले पाहिजे. दट्ट्यावर मऊ मेणमातीचा थर ठेवून एंजिन हाताने दोन फेरे फिरवावे व उमटलेल्या ठशाच्या तळाशी उरलेली जाडी मोजावी. रोजच्या वापराच्या जुन्या गाडीसाठी मूळ प्रमाणाचाच रॉकर श्रेयस्कर असतो.

६. रॉकरची निवड : कोन, कठीणपणा आणि तेल

रॉकरचे टोक वर्तुळाच्या कमानीवर फिरते. झडप मात्र सरळ रेषेत जाते. त्यामुळे टोक देठाच्या माथ्यावर थोडे आडवे घासतेच. हे घासणे कमीत कमी व्हावे यासाठी नियम असा आहे : झडप निम्मी उघडलेली असताना टेकू व संपर्कबिंदू यांना जोडणारी रेषा देठाशी काटकोनात असावी.

भुजा ३० मिलिमीटर व झडपेची उचल ९ मिलिमीटर धरू. नियम पाळल्यास भुजा मधल्या स्थितीच्या दोन्ही बाजूंस सुमारे ८·६ अंश फिरते आणि टोक आडवे सुमारे ०·३४ मिलिमीटर सरकते. काटकोन झडप मिटलेली असतानाच येत असेल तर भुजा एकाच बाजूस सुमारे १७·५ अंश फिरते आणि आडवे सरकणे सुमारे १·४ मिलिमीटर होते. म्हणजे चौपट. या घासण्याचा आडवा जोर झडपेच्या देठावर येतो, मार्गदर्शक नळी अंडाकृती झिजते आणि तेल ज्वलनकक्षात उतरून धूर निघू लागतो. सिलिंडरच्या माथ्याचा पृष्ठभाग घासला असेल किंवा निराळ्या लांबीची झडप बसवली असेल, तर मूळचा उत्तम रॉकरही या नियमाबाहेर जातो. तेव्हा देठाच्या माथ्यावर शाई लावून, एंजिन हाताने फिरवून, घासल्याची खूण मध्यावर व अरुंद येते की नाही हे पाहावे.

धातूच्या बाबतीत, घडीव पोलादाचा, घासणारी जागा कठीण केलेला रॉकर जुन्या एंजिनास योग्य. कठीण थर पातळ असतो. तो झिजून मऊ पोलाद उघडे पडल्यावर झीज झपाट्याने वाढते. म्हणून खळगा पडलेला रॉकर घासून पुन्हा वापरणे हा अल्पकाळचाच उपाय होय. हलक्या धातूचे रॉकर शर्यतीत वापरतात, पण ॲल्युमिनियम वारंवार पडणाऱ्या भाराने कालांतराने थकते. टोकाशी रूळ असलेले रॉकर घर्षण कमी करतात. मात्र त्यांचे टोक जड झाले तर वेगात उलट तोटाच होतो. टेकूपाशी असलेले वजन फारसे बाधत नाही, टोकाचे वजन बाधते. हे सूत्र निवडीच्या वेळी विसरू नये.

तेलाची वाट हीही निवडीचाच भाग आहे. जुन्या बुलेटमध्ये बाहेरच्या बारीक नळीने तेल रॉकरच्या धारव्यांपर्यंत जाते. नव्या रॉकरवरील तेलाचे छिद्र धारव्याच्या छिद्राशी जुळले नाही, तर उत्तम पोलादही थोड्याच अवधीत खरडले जाते.

७. समायोजकांचे प्रकार

मोकळीक कमीजास्त करण्याच्या योजनेस समायोजक म्हणतात. जुन्या एंजिनांत त्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आढळतात.

पुशरॉडच्या खालच्या टोकाशी स्क्रू. जुन्या बुलेटमध्ये हीच रचना आहे. सिलिंडरच्या उजव्या अंगाचे लहान झाकण काढले की स्क्रू व लॉकनट हाती येतात. समायोजकाचे वजन झडपेच्या टोकाशी नसल्यामुळे रॉकर हलका राहतो. मात्र पुशरॉडपाशी ०·०८ मिलिमीटर जागा असेल, तर १·२५ प्रमाणाच्या रॉकरमुळे झडपेपाशी ती ०·१० मिलिमीटर भरते, हे ध्यानात ठेवावे.

रॉकरच्या झडपेकडील टोकाशी स्क्रू. फोक्सवागेनमध्ये ही रचना आहे. फिलर गेज थेट झडप व स्क्रू यांमध्ये सरकवता येते, ही सोय. परंतु स्क्रूचे टोक लहान असल्याने भार थोड्या जागेवर पडतो आणि देठाच्या माथ्यास खळगा पडू शकतो.

डोलत्या टाचेचा स्क्रू. पोर्शच्या हवेने थंड होणाऱ्या एंजिनांत हा प्रसिद्ध आहे. स्क्रूच्या टोकास गोळी व तीवर फिरणारी सपाट टाच असते. तिच्या आकारावरून कारागीर तिला हत्तीचा पाय म्हणतात. रॉकर कलला तरी टाच देठावर सपाट टेकून राहते व भार पसरतो. टाच सैल झाली की मोकळिकीचे माप फसवे येते, म्हणून तिची तपासणी नियमित करावी लागते.

विकेंद्री दंड. बी. एस. ए. कंपनीच्या गोल्ड स्टार मोटारसायकलीत रॉकरचा टेकूदंडच किंचित विकेंद्री असतो. तो फिरवला की सारा रॉकर वरखाली सरकतो. रॉकर अत्यंत हलका राहतो, परंतु दंडाबरोबर रॉकरचा कोनही थोडा बदलतो.

द्रवचालित टॅपेट. यात तेलाचा दाब मोकळीक आपोआप भरून काढतो. बुलेटच्या कुळात २००८ नंतरच्या नव्या एंजिनांत अशी योजना आली. जुन्या एंजिनाचा तेलपंप तिच्यासाठी आखलेला नाही. तेव्हा ती जुन्या यंत्रात बसवण्याचा हट्ट धरू नये.

८. समायोजन करण्याची रीत

एंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. मे महिन्यात जबलपुरास दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा एंजिनही तापलेला असतो. म्हणून हे काम सकाळी सावलीत करणे इष्ट. स्पार्क प्लग काढून एंजिन हाताने फिरवावे. दाबाच्या धावेच्या शेवटी दट्ट्या सर्वांत वर आला असता दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. अंतर्गामी झडप उघडून मिटल्यानंतर दट्ट्या वर येतो, तीच ही स्थिती.

आता लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवावा. स्क्रूच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असेल, तर षट्कोनाची एक बाजू फिरवल्याने १/६, म्हणजे ०·१७ मिलिमीटर एवढा फरक पडतो. एवढी लहान हालचाल फोक्सवागेनची संपूर्ण मोकळीक नाहीशी करण्यास पुरेशी आहे. लॉकनट घट्ट करताना स्क्रू किंचित फिरतोच. म्हणून तो घट्ट केल्यावर पुन्हा तपासणे हे कामाचे शेवटचे नव्हे, तर सर्वांत महत्त्वाचे अंग आहे.

फिलर गेजचीही एक फसवणूक असते. रॉकरच्या घासणाऱ्या जागेस ०·०५ मिलिमीटर खोल खळगा पडला असेल, तर गेजचे सरळ पाते खळग्याच्या कडांवर टेकते. गेज ०·१० दाखवते, खरी मोकळीक ०·१५ असते. वारंवार समायोजन करूनही आवाज जात नसेल, तर स्क्रू आवळत न बसता रॉकर काढून पाहावा.

समायोजनाची नोंद ठेवणे हिताचे आहे. मोकळीक दर वेळी वाढलेली आढळली तर रॉकर, टॅपेट किंवा कॅम झिजत आहे. ती दर वेळी कमी झालेली आढळली तर झडप बैठकीत खोल जात आहे. दुसरी खूण अधिक गंभीर आहे.

९. उपसंहार

मदन महलचा खडक शतकानुशतके टिकून आहे, कारण त्याच्या भाराला योग्य टेकू मिळालेला आहे. जुन्या एंजिनाचेही तसेच आहे. ज्यांनी ते आखले त्यांनी कॅम, पुशरॉड, रॉकर व झडप यांचा परस्परांशी मेळ घातलेला असतो. त्यातील एक भाग बदलणाऱ्याने उरलेल्या भागांचा हिशेब पुन्हा मांडला पाहिजे. तसा तो मांडला तर अर्धशतकापूर्वीचे यंत्र आजही भार घेऊन चालते. न मांडल्यास काही दशांश मिलिमीटरांच्या चुकीपायी झडप जळते आणि गाडी घाटात उभी राहते.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

एक फूटपट्टी घेऊन १२ व्या सेंटिमीटरखाली पेन्सिलीचा टेकू द्यावा. शून्याकडील टोक १ सेंटिमीटर दाबावे व तिसाव्या सेंटिमीटरकडील टोक किती उचलले जाते ते मोजावे. हे प्रमाण १८ भागिले १२, म्हणजे १·५ आहे. नंतर दूरच्या टोकावर एक वजन ठेवून, तोल साधण्यासाठी शून्याकडील टोकावर किती वजन ठेवावे लागते ते पाहावे. पट्टीचे स्वतःचे वजन उत्तरात थोडा फरक पाडील. तो का पडतो याचा विचार करावा.

प्रश्न

१. सिलिंडर बिडाऐवजी ॲल्युमिनियमचा असता, तर चौथ्या भागातील हिशेबात ॲल्युमिनियमच्या पुशरॉडची मोकळीक कितीने वाढली असती?
२. बहिर्गामी झडपेस अंतर्गामी झडपेपेक्षा अधिक मोकळीक देण्याची प्रथा अनेक एंजिनांत का आहे?
३. रॉकरचे वजन कमी करावयाचे असल्यास ते टेकूजवळ कमी करावे की टोकाशी? कारण लिहा.
४. मोकळीक कमी असलेले एंजिन आवाज करीत नाही, तरी ते धोक्यात का असते?